डाव्या हाताचा डबा

कारंज्याच्या आमच्या जिममध्ये माझ्यासाठी वजनाचे दोन डबे होते. ट्रेनर लखनदादांनी ते स्वतःच केलेले. रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट आणि हाताला लागेल ते भंगार भरलं होतं, वर सळीची मूठ बसवली होती. दोन्हींवर 'दहा किलो' लिहिलेलं. शिवाय एकावर 'डावा', दुसऱ्यावर 'उजवा', आणि अदलाबदल करायची नाही असा दादांचा नियम.

तीन महिने झाले तरी माझा उजवा हात डबा बारा वेळा उचलायचा आणि लहानपणी मोडलेला डावा आठच वेळा.

"अजून किती सांगू ताई तुमाले? डाव्यात जीवच नाही तुमच्या," लखनदादा वैतागून म्हणाले. "हाड कच्चं जुळलं हाय. पोलीस भरतीचा नाद सोडा आता."

"दादा, या डब्यांचं वजन केलं होतं का?"

"वजन कराले ते काय सोयाबीन हाय? मीच तं भरले."

मी दोन्ही डबे स्कूटीवर ठेवून धान्यबाजारात नेले आणि मामाच्या अडतीतल्या काट्यावर एकेक करून चढवले.

उजवा नऊ किलो आठशे ग्रॅम. डावा तेरा किलो दोनशे.