अर्धा बर्थ

"त्यांना आडवं झोपवायचं नाही. पाठ टेकवून, बसवूनच ठेवा. रात्रीसुद्धा."

दवाखान्यातल्या नर्सचं हे बजावणं मिस्त्रीला आठवलं, तेव्हा अक्काचं डोकं छताला टेकलं होतं.

फाटकात ट्रेलर उभा होता. सामान वाहायचा, दोन चाकांचा, गाडीमागे जोडायचा. आठ महिने खपून मिस्त्रीने त्याची खोली केली होती. छतावर सोलरची दोन पॅनेलं, आत दिवा, पंखा आणि एका भिंतीशी लांबलचक बर्थ. बर्थच्या मागच्या अर्ध्याखाली, बरोबर चाकांच्या वर, बॅटऱ्या. पुढच्या अर्ध्याखाली पाण्याची टाकी. मिस्त्रीने जन्मभर बसच्या बॉड्या बांधल्या होत्या. कुठे कड टोचेल, स्क्रू वर दिसेल, तर शपथ. फक्त अक्काला त्याने आत कधी बसवून पाहिलं नव्हतं. सगळं झालं की दाखवीन, म्हणायचा.

आज दाखवलं. ती गादीवर बसली आणि मान एका बाजूला कलती करून तशीच राहिली.

"छोट्या, इथे रात्र काढायची की घडी होऊन पडायचं?"

सहा फुटांच्या, पासष्टीच्या भावाला ती अजून छोट्याच म्हणायची.

बर्थ बसवला तेव्हा अक्का आडवी झोपत होती. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातून आली, ती खुर्चीतच झोपायला लागली. तिची झोप बदलली, बर्थ तसाच राहिला. रोज सकाळी मिस्त्री तिच्या खुर्चीसमोरूनच ड्रिल घेऊन बाहेर जायचा.

अक्काने तीस वर्षं शाळेतल्या मुलींना पोहायला शिकवलं होतं, गावाबाहेरच्या तलावात, उजाडता उजाडता. आता ऑक्सिजनच्या मशीनवाचून तिची रात्र निघत नव्हती. एक पहाट पाण्याकाठी काढायची, एवढंच तिने मागितलं होतं आणि मिस्त्रीने शब्द दिला होता. तलावाकाठी वीज नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. मागच्या आठवड्यात मशीन रात्रभर बॅटरीवर चाललं, एकदाही कुरकुरलं नाही. सोमवारी अक्काला पुन्हा भरती व्हायचं होतं. या खेपेला डॉक्टर दिवस सांगत नव्हते. आज शनिवार होता, दुपारचे बारा वाजत आले होते.

मिस्त्रीने टेप लावली. गादीपासून छतापर्यंत दोन फूट. पुन्हा लावली. दोन फूटच. त्याने टेप कोपऱ्यात भिरकावली.

पॅनेलं जोडून देणारा वायरमन दाराशी उभा होता. तो म्हणाला, बॅटऱ्या राहू द्या जागेवर, पुढचा अर्धा बर्थ कापा, टाकी काढा आणि अक्कांची खुर्ची खाली फरशीवर ठेवा, डोकं छताला लागणार नाही. दोन तासांचं काम.

मिस्त्री त्याच्यावर उखडला. कापायचा म्हणजे काय, भाजी आहे का ती? तीन हात पॉलिश दिलंय. करायचंच तर सगळा बर्थ उतरवून, बॅटऱ्यांची पेटी नवी करून, वायरी पुन्हा ओढून, नीट करायचं. बुधवारपर्यंत होईल. डॉक्टरांना चार दिवस पुढे ढकलायला सांगू.

वायरमन उरलेली वायर गुंडाळायला लागला. बोलली ती मिस्त्रीची बायको, तीही कुणाशीच नाही असं. पडद्याचं कापड तीनदा बदलून आणलं, पण वन्संना एकदा बसवून बघावं, हे काही कुणाला सुचलं नाही.

"तू मधे पडू नकोस," मिस्त्री म्हणाला. मग वायरमनने टाकी इथे का बसवू दिली, यावर घसरला. मग ट्रेलर विकणाऱ्यावर, त्याने उंची सांगितली एक आणि निघाली दुसरी. मग नर्सवर. तिने तरी एकदाच का सांगावं? माणसाने काय काय लक्षात ठेवायचं?

अक्का अजून वाकड्या मानेनेच बसली होती. ऑक्सिजनच्या लहान सिलिंडरची नळी तिने नाकाशी नीट केली, दम घेतला आणि बोलली.

"मी पाण्याकाठी ने म्हटलं होतं रे. घर बांध म्हटलं नव्हतं."

मिस्त्रीचा हात बर्थच्या कडेवर होता. तो त्याने काढून घेतला.

बायकोने वन्संना हाताला धरून खाली उतरवलं, सावलीत बसवलं. मिस्त्रीने ओणवं होऊन बर्थवरची गादी बाहेर काढली. वायरमनला वाटलं, आता हा पुन्हा कुणावर तरी घसरणार. पण आतून करवतीचा आवाज आला.

अडीच वाजता अर्धा बर्थ अंगणात पडला होता. टाकी भिंतीला लावून ठेवली होती. वायरमन आणि मिस्त्रीने मिळून खुर्ची आत नेली, फरशीला बोल्टांनी आवळली. शेजारी मशीन ठेवलं आणि लावून पाहिलं. ते संथ गुरगुरायला लागलं.

कापलेल्या जागी फळीची कड उघडी पडली होती, दातेरी, कुसळं निघालेली. मिस्त्रीने अंगठा फिरवला. सवयीने पेटीतून पॉलिशपेपर काढला, दोनदा घासला. मग घड्याळाकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा पेटीत ठेवून झाकण लावलं.

त्याने ट्रेलर गाडीला जोडला, कडी दोनदा हिसडून पाहिली. गाडीचं पुढचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. सावलीतून गाडीपर्यंत पंधरा पावलं होती. अक्का तीन पावलं चालायची आणि थांबायची. तो चल म्हणाला नाही. ती थांबली की दुसरीकडे बघायचा.