दुसऱ्यांदा दाबल्यावर

प्रितेशने ब्रेक-शूचे तीन जोड फळीवर मांडले आणि हात पुसत विचारलं, "बोला रिचर्ड अंकल, कोणता टाकू?"

एक जोड कंपनीचा, खोक्यातला. दुसरा कुठल्या तरी साध्या मेकचा, प्लॅस्टिकच्या पिशवीतला. तिसरा जुनाच, वर नवं लायनर चिकटवलेला. रिचर्डने तिन्हींकडे पाहिलं. त्याला काहीच वाटलं नाही. तीन महिने झाले, त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. ताट समोर आलं की जेवायचा, कुणी बोललं की मान हलवायचा. एरवी त्याने डोळे झाकून तिसरा उचलला असता. गाडी चौदा वर्षांची, म्हातारीला कशाला नवरीसारखं नटवायचं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. आज तेही तोंडात येईना.

त्याची बायको मॅग्डलीन बाजूला एका जुन्या टायरवर बसली होती. पाचूबंदरहून मासळी भरली की रोज सकाळी ती याच पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसून बाजारात जायची. पण सातिवलीच्या या गॅरेजात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. आज न सांगता बरोबर आली. भाव पाडायला आली असेल, असं त्याला वाटलं.

तीन महिन्यांपूर्वी, अपघाताच्या दिवशी, रिचर्डला ताप होता. बर्फ वितळत होता, मासळी थांबणार नव्हती. त्याने चावी मॅग्डलीनच्या धाकट्या भावाच्या, जॅक्सनच्या हातात दिली. मॅग्डलीन तापाच्या माणसापाशी घरी राहिली. पुलाच्या उतारावर गाडी सरळ कठड्यावर गेली. जॅक्सन वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर तो पहिलं हेच म्हणाला, "ब्रेक लागला नाय." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जॅक्सन पूर्वीचा पिणारा. दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये आल्तारासमोर शपथ घेऊन त्याने सोडली होती, पण शपथेचं काय, सकाळी घ्यावी नि संध्याकाळी विसरावी. हॉस्पिटलात कुणाला तरी वास आला म्हणे. झालं, गावाला तेवढं पुरलं. गाडी तपासायला आलेल्या माणसाने पेडल चार वेळा दाबलं आणि ब्रेक ठीक आहे म्हणून गेला. जॅक्सनची बायको ग्लोरिया दोन्ही पोरींना घेऊन नालासोपाऱ्याला आईकडे निघून गेली. पाय गेल्याचं तिला चाललं असतं, शपथ मोडल्याचं चाललं नाही. आता जॅक्सन ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, मी प्यालो नव्हतो. लोक हो हो म्हणतात आणि पुढे जातात. रिचर्डही हो म्हणायचा आणि पुढे जायचा.

"ठरवा तुम्ही, तोवर मी खोलतो," प्रितेश म्हणाला. त्याने मागच्या डाव्या चाकाचा ड्रम ठोकून ठोकून बाहेर काढला. आत गंजाचा चिखल झाला होता. त्याने ब्रेक-ऑइलचा पाईप चाचपला आणि शीळच घातली.

"अरे वा! हे कोणाचं डोकं? पाईपाच्या तोंडात बोल्ट मारलाय. या चाकाला ऑइलच जात नाय. आणि बाकीचे लायनर पण संपलेत. म्हणजे पहिला दाब फुकट, दुसऱ्या दाबाला ब्रेक पकडणार. ज्याला माहिती तो वाचला, नवीन माणूस गेला."

मासळीच्या बर्फाचं खारं पाणी गळून चाकातला ब्रेकचा सिलिंडर सडतो आणि ऑइल गळायला लागतं. नवा टाकायला पैसे लागतात, बोल्ट ठोकायला लागत नाहीत. मग ते चाक सोडून द्यायचं आणि उरलेल्या तीन चाकांवर धंदा चालवायचा. हे करणारा रिचर्ड काही एकटा नव्हता. महिनाभरात पायाला सवय होते. सवय इतकी होते की सांगण्यासारखं काही आहे, हेही माणूस विसरतो.

"कोणी मारला हो?" प्रितेशने विचारलं.

मागच्या गॅरेजवाल्याने, एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. रिचर्डने मॅग्डलीनकडे पाहिलं. ती बोल्टाकडे बघत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी वाटलं. भीती वाटली.

"मी," तो म्हणाला. मग प्रितेशला सोडून तिच्याशीच बोलू लागला. "दोनदा दाबायचा होता. चावी दिली न् सांगायचंच राहिलं. तो खरं बोलत होता, मॅगी. मी ऐकत होतो आनि गप बसलो होतो."

आता ही छाती बडवेल, असं त्याला वाटलं. बडवली असती तर बरं झालं असतं. ती जागची हलली नाही.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "रोज तुझ्या बाजूला बसते. तुझा पाय दोनदा जातो तो काय मला दिसत नाय?"

"मग बोलली का नाय?"

ती उठली, कंपनीचं खोकं उचलून प्रितेशच्या हातात दिलं. "दोन्ही बाजूंना हाच टाक. सिलिंडर पन नवा. आनि तो बोल्ट मला दे."

प्रितेशने पाना लावून बोल्ट सोडवला, पुसून दिला. तिने तो रुमालात बांधला आणि पैशांच्या पिशवीत ठेवला.

"गाडी झाली की नालासोपाऱ्याला जायचं, ग्लोरियाकडं," ती म्हणाली. आवाज बाजारात भाव सांगावा तसा कोरडा होता. "बोल्टाचं तू सांग. वासाचं मी सांगते. हॉस्पिटलात वास आला, असं तिला मीच खोटं सांगितलेलं."