बोक्याचं दुखणं

भवानी पेठेत महादेवप्पाचं सुताचं दुकान होतं. गाठोड्यांना उंदीर लागू नयेत म्हणून पाळलेला बोका त्याचा फार लाडका होता. त्या दिवशी सकाळपासून बोका परसातल्या राखेवर जाऊन बसायचा, कुंथायचा, विव्हळायचा आणि तसाच उठायचा.

"पोट साफ होईना झालंय त्याचं. एरंडेल पाजा," महादेवप्पाची आई शांतम्मा म्हणाली.

"न्हाय आत्या," सून रुद्राणी पहिल्यांदाच सासूच्या बोलण्यात मध्ये पडली. "लघवी अडकलीया त्याची. थेंबबी पडंना. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्यायला पायजे."

बोका तिच्याशिवाय कुणाला हात लावू देईना, म्हणून महादेवप्पाला तिलाही टांग्यात घ्यावं लागलं. लग्न होऊन आल्यापासून माहेर सोडलं तर ती कुठंच गेली नव्हती.

गुरांच्या डॉक्टरांनी बारीक नळी घालून वाट मोकळी केली. हळूहळू बोका शांत झाला.

"उद्यावर टाकलं असतं तर वाचला नसता," डॉक्टर म्हणाले. "लोकांना वाटतं, पोटच बिघडलंय. तुम्ही कसं ओळखलंत, बाई?"

"दिवसभर त्याच्याच मागं असती की ती," महादेवप्पा हसत म्हणाला.

रुद्राणीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि नवऱ्याकडं न बघता ती हळूच म्हणाली, "मीबी रोज तशीच बसते, डॉक्टर. लई आग होती. फकस्त मला वरडता येत न्हाय."