टोपी पुढं येत न्हाय

दर्याची शपथ, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय.

हिरामण रेवसच्या दवाखान्यात उभा होता. बसवत नव्हतं म्हणून उभा. डोक्यावर लाल टोपी, तोंड त्याहून लाल. मागं बायको. देखणी आन् शहाणी, हेही खरं. समोर नवी डॉक्टरीण मृणाल, लेकीच्या वयाची.

"काय होतंय काका?"

हिरामणनं लय वेळ घसा साफ केला. "बाय, टोपी मागं सरकली, ती पुढं येत न्हाय."

डॉक्टरीण उठली आन् त्याची टोपी ओढून पार भुवयांवर आणली. "आली की."

"ही न्हाय," बायको म्हणाली. "खालची."

डॉक्टरीण हसली न्हाय. पडदा ओढून तिनं नीट बघितलं. कधीपासून, लघवी होते का, सगळं विचारलं. सकाळी अंघोळीत कातडी मागं घेतली ती तिथंच आवळून बसली, आन् पुढं सुजून टमाटा. ह्याला पॅराफायमोसिस म्हणतात, ती म्हणाली. रक्त अडतंय. लाल हाय तवर ठीक, काळं पडलं तर गेलं. उतरलं न्हाय तर अलिबागला नेऊन कातडीला चीर द्यायची. वादळात सुकाणू न सोडणारा हिरामण, त्यानं बायकोचा पदर धरला.

मग डॉक्टरणीनं साखर मागवली. हसू नका. हिरामणला शुगर, म्हणून बायकोनं वर्षानुवर्षं साखर त्याच्या डोळ्यालाही दाखवली नव्हती. शेजारच्या चहावाल्याकडनं वाटीभर आली. ओल्या फडक्यात घालून डॉक्टरणीनं ती सुजेवर गुंडाळली. साखर आतलं पाणी ओढून घेते म्हणे.

"शेवटी गोड दिलंस," हिरामण कण्हत बायकोला म्हणाला, "ते पण कुठं."

बऱ्याच वेळानं सूज जरा बसली. उरलेली डॉक्टरणीनं मुठीत धरून हळूहळू दाबली. मग अंगठ्यांनी बोंड मागं रेटलं, बोटांनी कातडी पुढं ओढली. हिरामणनं एकवीरा आईला अशी हाक मारली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. टोपी पुढं आली.

धुवायला मागं घेतली की लगेच पुढं आणायची, डॉक्टरणीनं बजावलं. तवापासून तो अंघोळ करून आला की बायको ओट्यावरनं विचारते, "टोपी?" शेजाऱ्यांना वाटतं, उन्हाची काळजी.

एकच गोष्ट माझ्या पदरची. त्याचं नाव हिरामण न्हाय. खरं नाव मला उखाण्याशिवाय घेता येत न्हाय, आन् पॅराफायमोसिसशी जुळणारं काय सुचत न्हाय.