तेरावी टाकी

राल्स्टन दारातच थांबला. आत ओर्फाताई मुलाच्या पायांना नारळाचं तेल चोळत होत्या. नोलविन छताकडे बघत पडला होता. पंचवीस दिवसांपूर्वी राल्स्टन तांडेल असलेल्या बोटीवरून शेवंडं पकडायला समुद्रात उतरलेला हा पाणबुड्या वर आला, तो कमरेखाली लुळा होऊनच.

"ये रे राल्स्टन. बोट सुटायच्या दिवशीही आठवण ठेवलीस."

तो बसला नाही. हातातली टोपी चुरगाळत राहिला.

"वैदीण काल पुन्हा तेच सांगून गेली," ओर्फाताई म्हणाल्या. "पाण्यातल्या लिवाचा कोप. समुद्र तिचा, शेवंडं तिची. ह्यानं हाव केली, तिनं पाय ठेवून घेतले."

"लिवानं बजावलं होतं, आई," नोलविन म्हणाला. "खांद्यावर हात ठेवला होता. ठणका लागला होता नुसता. मी तरी उतरलो."

बोट सुटायच्या दिवशी चर्चमध्ये पाळक खलाशांना प्रभुभोजन देत. आज सकाळी भाकर हातात घेण्याआधी राल्स्टननं त्यांच्यापाशी सगळं ओकून टाकलं होतं. पाळकांनी एवढंच विचारलं होतं, "नोलविनला ठाऊक आहे?" आणि मग, "आधी तिकडे जा. प्रभूचं मेज कुठं पळून जात नाही."

"ताई, लिवा नव्हे," तो म्हणाला. "मी."

ओर्फाताईंचा हात थांबला.

"हवेची बारावी टाकी संपवून वर आल्यावर खांदा ठणकतोय म्हणाला हा. रक्तात हवा धरली की तसं ठणकतं, आणि तसंच पुन्हा उतरलं की माणूस लुळा होतो. तीस वर्षं बघतोय मी. तरी म्हटलं, बाळंतिणीसारखा कण्हतोस काय, अजून एक टाकी. तेरावी मीच ह्याच्या पाठीवर बांधली."

"अरे, बोटीच्या मालकाचा दट्ट्या असेल तुझ्यामागं..." ओर्फाताई चाचरल्या.

"मालक शहरात होता. बोटीवर मी होतो."

ओर्फाताई उठल्या आणि तेलाची वाटी त्यांनी त्याच्या अंगावर भिरकावली. तेल शर्टावरून ओघळलं. त्यानं पुसलं नाही.

"पंचवीस दिवस! पंचवीस दिवस माझं पोर भिंतीकडे तोंड करून लिवाची माफी मागतंय. आणि तू येऊन केळ्यांचे घड ठेवून जात होतास!"

"होय, ताई."

नोलविननं कोपरांवर भार देऊन अंग उचललं. "म्हणजे तांडेल, माझी हाव नव्हती?"

"नव्हती. तू नको म्हणाला होतास."

राल्स्टन खाटेपाशी गुडघ्यांवर आला. "नोलविन, मला..."

"माफीचं नंतर बघू." नोलविनचा आवाज एकदम चिरका झाला. "माझ्या जागी आज माझा मेहुणा बोटीवर चढलाय. दंडाला लिवाचा ताईत बांधून. त्याचा खांदा ठणकला की तो ताईत चाचपत बसेल आणि पुन्हा उतरेल. जा, त्याला सांगा. सगळ्यांना सांगा."

"सगळ्यांना सांगितलं तर माझ्या बोटीवर पुन्हा कोण..." राल्स्टननं वाक्य गिळलं. उठला.

धक्क्यावरून बोटीत बर्फ चढत होता. पाणबुडे एकमेकांना ढोसत हसत होते. नोलविनचा मेहुणा दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून आंबा चोखत होता. टाक्यांत हवा भरणारं यंत्र असं धडधडत होतं की शेजारच्याचं बोलणंही कळत नव्हतं. राल्स्टन फळीवरून बोटीवर चढला. कुणाकडेही न बघता थेट यंत्रापाशी गेला आणि त्यानं ते बंद केलं.