धुराचा आकडा

“अनसूयाताई, धूर किती?” घाटाच्या वळणावर रामजीनं स्टिअरिंग न सोडता विचारलं.

बाहेर हवा अठ्ठावन्न अंशांवर होती; पायी कुणी तासभरही टिकलं नसतं. इंजिनाचा धूर नऊशे अंशांच्या वर तापला की इंजिनात हवा कोंबणारा टर्बो वितळणार आणि गाडी तिथंच राहणार. म्हणून आकडा ओलांडला की ओझं कमी करायला एकानं उतरायचं, असं ठरलं होतं. खालच्या वळणावर गुरवमास्तर उतरले होते.

जादा पेट्रोलनं धूर निवतो, म्हणून अनसूयेनं इंजिनाला जोडलेल्या लॅपटॉपवरून पेट्रोल वाढवलं. तरी नऊशे वीसच.

मागे भागीरथीकाकू चपला शोधू लागल्या. “आता माझी पाळी. पण उपासांनी हलकी झालेय हो, तुमचा फारसा फायदा नाही व्हायचा!”

“बसा काकू. आठशे सत्तर आहे,” अनसूया म्हणाली.

वितळायला आलेल्या टर्बोची चिरकी शिट्टी रामजीलाही ऐकू येत होती. पुढच्या वळणावर त्यानं आकडा विचारलाच नाही.