पुदिना कडवट झालाय

बेळगुंदीत भरमूअण्णांना जेवायला बोलवायचं म्हणजे छातीचं काम. स्वतःच्या लग्नातसुद्धा ते मांडवातून उठून आचाऱ्याला आमटीतल्या मिठाबद्दल सुनावून आले होते. बायकोच्या हातचा एक घास त्यांनी कधी नाव न ठेवता गिळला नव्हता. दिवाळीपासून मात्र ते पुढ्यात येईल ते मुकाट खाऊ लागले. शेजारणी म्हणायच्या, "सुटलीस गं, मालुबाई."

उन्हाळ्यातल्या एका रविवारी सून सौम्यानं मोबाईलवर बघून संत्र्या-लिंबाच्या रसात पुदिना आणि साखर घालून सॉर्बे लावलं. फ्रीजरमधून काढायचं, काट्यानं खरवडायचं, परत आत ठेवायचं, असं सकाळभर चाललं. दुपारी तिनं सासऱ्यांच्या हातात वाटी दिली. अण्णांनी चमचाभर खाऊन तोंड वाकडं केलं.

"पुदिना मिक्सरला फिरवलास न्हवं? कडवट झालाय. लिंबाची बी पण चिरडलीया."

सौम्याचा चेहरा उतरला. "आत्या, मामांना न्हाय आवडलं."

मालुबाई पोळपाट सोडून बाहेर आली. दिवाळीच्या आधी घशाच्या कॅन्सरला रेडिएशनची लाईट दिल्यापासून अण्णांची जीभ मेली होती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. संक्रांतीला तिनं मुद्दाम बिनमिठाची आमटी वाढली आणि त्यांनी ती ओरपली, तेव्हा तिला कळलं होतं.

ती त्यांच्यासमोर फतकल मारून बसली.

"थांबा, सावकाश सांगा. अजून काय काय बिघडलंय?"